कंसातलं नाव

यशवंत,

तुझ्या श्रद्धांजलीच्या बोर्डावर 'मुक्या' हा शब्द माझ्या दुकानात छापला गेला. माझ्या मशीनवर, माझ्या डोळ्यांदेखत. हे आधी सांगून टाकतो. नाहीतर मी नेहमीसारखा चहापाणी, पोलादपूरकडच्या रस्त्याचे खड्डे असं फिरत फिरत मूळ गोष्टीला बगल देईन आणि तू नेहमीसारखा हाताची घडी घालून माझ्या तोंडाकडे बघत बसशील, हा गृहस्थ कधी मुद्द्यावर येतो म्हणून.

बोर्ड तुझ्या वाडीच्या फाट्यावर लागला होता. वर तुझा फोटो, तो निळ्या शर्टातला. त्याखाली 'कै. यशवंत धोंडू सकपाळ' आणि त्याच्याही खाली कंसात, तुझ्या नावाहून किंचित मोठ्या अक्षरात, 'मुक्या'. बारा वर्षं तू महाडात माझ्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसून अख्ख्या तालुक्याचे वाढदिवस, बारशी आणि मयतं सजवलीस. कुणाचं नाव कधी चुकू दिलं नाहीस. तुझं नाव छापायची वेळ आली तेव्हा ते काम माझ्याकडे आलं, आणि मी हे असं केलं.

तू गेलास त्या सकाळी दत्ताचा, तुझ्या चुलतभावाचा, फोन आला. 'विलासशेठ, आपला मुक्या गेला हो.' मी काय विचारलं असेन? 'कुठल्या गाडीखाली?' दत्ता म्हणाला, 'गाडी नाय हो. झोपेतच छातीत कळ आली. पोलादपूरला नेईपर्यंत संपलं.' म्हणजे तू चारचौघांसारखा, घरात, आपल्या अंथरुणात दुखणं येऊन गेलास, आणि माझ्या डोक्यात मात्र आधी तुला न ऐकू आलेला हॉर्नच वाजला. दिवसभर दुकानात येणारा जो तो हेच विचारत होता. शेवटी मी एका गिऱ्हाइकावर खेकसलो, 'ऐकू येत नाही म्हणजे माणूस फक्त गाडीखालीच मरतो काय?' तो बिचारा ओशाळला. पहिला विचारणारा मीच, हे त्याला कुठे माहीत होतं. तुझ्या मोटरसायकलला दोन्ही आरसे होते आणि माझ्या स्कूटरचा एक आरसा कधीपासून तुटलेलाच आहे, हेही मला तेव्हा सुचलं नाही.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी जन्मात ओरडलो नसेन एवढा ओरडलो होतो. तू कागद पुढे केलास: 'डिझाईन येतं. करून दाखवतो. ऐकू येत नाही.' एवढं स्पष्ट लिहिलेलं वाचून मी काय केलं, तर काउंटरवर ओणवा होऊन तुझ्या कानाशी बोंबललो, 'आधी कुठे होतास कामाला?' समोरचा चहावाला धावत आला, मारामारी झाली की काय म्हणून. तू शांतपणे कागद उलटा केलास आणि लिहिलंस, 'ओरडू नका. हळू बोला. आधी पान थुंका, ओठ दिसत नाहीत.' मी मुकाट जाऊन पान थुंकून आलो. मुकाट, हो. बघ, तुझ्याशी बोलतानासुद्धा असे शब्द आपोआप येतात. महिन्याभराने तू माझ्या मिशीकडे बोट दाखवून कात्रीची खूण केलीस, कारण वरचा ओठ तिच्याखाली झाकला जायचा. लग्नानंतर बायकोने इतकी वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते तू एका खुणेत करून घेतलंस, आणि ती मरेपर्यंत तुला त्याबद्दल दिवाळीचा फराळ पाठवत राहिली.

मग आपलं बोलणं स्क्रीनवर सुरू झालं. समोर कुणाच्या तरी वाढदिवसाचं डिझाईन उघडलेलं असायचं आणि त्याच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत आपण आळीपाळीने टाइप करायचो. काम झालं की तू ते पुसून टाकायचास. एकदा विसरलास. एका तरण्याबांड भाऊंचा वाढदिवस होता, हात जोडलेल्या फोटोचा दहा फुटी बोर्ड बाजारात लागला, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात, छान स्वच्छ अक्षरात: 'हा हसत का नाही? मूळव्याध आहे काय?' आणि त्याखाली माझं उत्तर: 'चहा सांग.' लोक थांबून थांबून वाचत होते. आपण दोघं भरदुपारी शिडी घेऊन पळालो. तू शिडीवर चढलास आणि वरून इतका मोठ्याने हसायला लागलास की खालची माणसं बोर्ड सोडून तुझ्याकडे बघायला लागली. तुझं हसणं असं दणदणीत होतं. माझं नावही तू घ्यायचास. त्यातली काही अक्षरं गळून पडायची, पण हाक मारलीस की मागच्या खोलीतून मला कळायचं, यशवंत बोलावतोय. जो माणूस मला नावाने हाक मारायचा त्याला गाव मुक्या म्हणत होतं, यातलं विचित्रपण मला तेव्हा टोचलंच नाही.

शब्दांवरून आपलं पहिलं भांडण झालं ते शिबिराच्या बोर्डावरून. 'मूकबधिरांसाठी मोफत तपासणी शिबिर' असा मजकूर आला होता. तू मला न विचारता 'कर्णबधिर' करून छापलंस. दुसऱ्या दिवशी शिबिर भरवणाऱ्या साहेबांचा माणूस बोर्डाची गुंडाळी काखेत मारून दुकानात आला. 'आम्ही काय दिलं, तुम्ही काय केलं? साहेबांना भाषणात हा शब्द उच्चारता येईना!' मी हात जोडले, बोर्ड पुन्हा छापून दिला, आणि तो गेल्यावर स्क्रीनवर ठोकलं: 'गिऱ्हाईक देईल तेच छापायचं.' तू लगेच टाइप केलंस, 'गिऱ्हाइकाने साहेबांच्या नावातली वेलांटी चुकवली होती. ती तू त्याला न विचारता मला दुरुस्त करायला लावलीस.' मी लिहिलं, 'ते नाव आहे.' तू लिहिलंस, 'हेही.'

मग मला तू बसवून शिकवलंस. मूक म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो. 'मी हाताने बोलतो, तोंडाने थोडं बोलतो आणि टाइप करून तुझ्यापेक्षा शुद्ध बोलतो. मी कुठून मूक?' दिव्यांग म्हटलं की तू स्वतःकडे वरपासून खालपर्यंत बघायचास, खांदे तपासायचास, आणि 'दिव्य कुठाय' अशी खूण करायचास. स्वतःला तू सरळ बधिर म्हणायचास. मला तो शब्द उलट जास्त कठोर वाटायचा. मी लिहिलं, 'बधिर तर दात काढताना हिरडी करतात.' तू हसून लिहिलंस, आम्ही आमच्यात असंच म्हणतो, कागदोपत्री कर्णबधिर लिहिलंस तरी राग नाही. मी विचारलं, मग तुझ्या मित्राच्या, शेखरच्या, आईला काय म्हणू, तिला तर म्हातारपणी ऐकू येईनासं झालं? 'तिला कमी ऐकू येतं म्हण. तिलाच विचार ना.' माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, 'म्हणजे आता तोंड उघडायच्या आधी माणसाने परीक्षा द्यायची काय?' तू लिहिलंस, 'मी रोज देतो. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून.' मी उठून चहा आणायला गेलो.

सगळंच काही असं रडकं नव्हतं. महामार्गाच्या खड्ड्यांवरून मोर्चा निघणार होता तेव्हाचं आठवतं? मजकूर होता, 'मुक्या-बहिऱ्या प्रशासनाचा जाहीर निषेध'. तू तो वाचलास, खुर्ची माझ्याकडे फिरवलीस आणि छातीवर हात ठेवून विचारलंस, 'रस्ता मी खोदला?' मी पोट धरून हसलो. मग तू गंभीर होऊन टाइप केलंस की प्रशासनाला चांगलं ऐकू येतं, उलट कुणाचं टेंडर कुठे आहे ते तर भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करतं, त्यात आमचा काय संबंध. तू 'ढिम्म प्रशासनाचा निषेध' असं केलंस. मोर्चावाल्यांना ते फार आवडलं. 'ढिम्म' या शब्दावर घोषणा तयार झाली. पुढारी माझी पाठ थोपटून म्हणाला, 'विलासशेठ, शब्द झकास काढलात.' मी मान डोलावली. तू समोरच बसला होतास आणि माझी मान डोलावणं तू बघितलंस.

आणि पाचाड. तिथल्या खानावळीचा बोर्ड लावायला आपण गेलो होतो आणि काम झाल्यावर तिथेच जेवायला बसलो. मालक तुझ्या डोक्यावरून मला विचारायला लागला, 'ह्यांना काय देऊ? भात चालतो काय ह्यांना? तिखट खातात?' जसं काही तू माझ्यासोबत आणलेलं लहान मूल होतास. मीही उत्तरं देत सुटलो, 'चालेल, तिखट खातो, भात जास्त द्या.' तू भिंतीवरच्या पाटीकडे बघून स्वतःसाठी बोटाने मटण दाखवलंस, मग खिशातलं पेन काढून हातावर लिहिलंस आणि हात मालकासमोर धरलास: 'ह्याला काय हवं विचारा. पित्ताचा त्रास आहे, ताक द्या.' मालक आधी गोंधळला, मग हसला, आणि पुढचं सगळं जेवण तो तुलाच विचारत होता. मला खरोखरच ताक दिलं. येताना रस्ताभर मी रुसून बसलो होतो, आता आठवलं तरी लाज वाटते.

आता त्या शेवटच्या भांडणाकडे येतो, जे आपण अर्धवट टाकलं. तुझ्या मित्रमंडळीत तू माझ्यासाठी कुठली खूण करतोस हे मला शेखरकडून कळलं होतं: डोक्यावरून सपाट हात फिरवायचा, म्हणजे टकल्या. मला ते हत्यार सापडल्यासारखं झालं. मी टाइप केलं, 'तू मला टकल्या म्हणतोस ते चालतं, आणि वाडीने तुला मुक्या म्हटलं की तुझं तोंड वाकडं. गावात लंगड्या आहे, चकण्या आहे, काळू आहे. सगळे प्रेमानेच म्हणतात.' मला वाटलं, आता तू चीत. तू की-बोर्ड जवळ ओढलास. मग लिहिलंस, 'तुझं नाव दुकानाच्या पाटीवर आहे. तुझी बायको घ्यायची, गिऱ्हाईक घेतं, मी घेतो. टकल्या हे वरचं आहे. माझं मुक्या हे वरचं नाही, तेवढंच आहे. माझं नाव कुठे आहे?' मी लिहिलं, 'आधार कार्डावर.' आणि हसलो. तू हसला नाहीस. तू खुर्ची फिरवलीस आणि स्क्रीनकडे तोंड केलंस. तू तोंड फिरवलंस की तुझ्याशी बोलायचा सगळा रस्ताच बंद व्हायचा, हे मला माहीत होतं. उद्या बोलू म्हटलं. मग लग्नसराई लागली, कामाचा ढीग पडला आणि तो विषय पुन्हा निघालाच नाही. निघाला असता तर मी काय म्हणालो असतो, हेही मला ठाऊक नाही. बहुतेक परत काहीतरी फालतू विनोद केला असता.

तुला पोचवून आल्यावर अंगणात तुझ्या बायकोने, सुनंदाने, मला बाजूला बोलावलं. रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, 'दादा, त्यांचा बोर्ड तुमीच करा. दुसऱ्या कुनाकडं देऊ नका. नीट करा.' मी म्हटलं, 'वहिनी, ते सांगायला हवं काय?' आणि हे म्हणताना मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

दत्ताने मोबाईलवर मजकूर पाठवला, त्यात कंसात तो शब्द होता. मी तो काढला आणि डिझाईन त्याला बघायला पाठवलं. इथवर मी ठीक होतो बघ. लगेच दत्ताचा फोन. 'शेठ, मुक्या राहिलं की.' मी म्हटलं, 'मुद्दाम काढलंय. बरं दिसत नाही.' तो म्हणाला, 'तसं कसं? वाडीत यशवंत सकपाळ तिघं हायेत. एक यशवंत ठणठणीत हाय, त्याच्या पोरीचं लगीन ठरलंय. मुंबईवाल्यांच्या ग्रुपवर नुसतं नाव गेलं तर उद्या व्याही रडत येतील त्याच्या दारात!' मी म्हटलं, 'फोटो आहे ना.' 'फोटो कोन मोठा करून बघतो? आनि शेठ, आमी काय वाईट म्हनून म्हनतो काय? लहानपनापासून प्रेमानं म्हनतो.' दत्ता खोटं बोलत नव्हता. चितेशी सगळ्यात जास्त तोच रडला होता.

बाहेर तीन लग्नांचे बोर्ड खोळंबले होते. तुझी खुर्ची रिकामी होती आणि मला ते डिझाईन धड हलवताही येत नव्हतं. मी शब्द परत टाकला. दत्ता म्हणाला, 'जरा मोठा करा, लांबून दिसला पायजे.' मी मोठा केला. मग म्हणाला, 'आता ओके.' मी छपाईला सोडलं. तुला माहीत आहे, आपल्या मशीनचं डोकं सावकाश इकडून तिकडे फिरतं आणि अक्षर वरून खाली उगवत जातं. आधी शिरोरेघ आली. मग 'मु'चा वरचा भाग आला. बटण माझ्या हाताशी होतं. फ्लेक्सचा तुकडा वाया गेला असता, बाकी काही झालं नसतं. मी उभा राहून पूर्ण शब्द येऊ दिला. नंतर सुचत राहिलं, कंसात 'वरच्या आळीतले' टाकता आलं असतं. 'फ्लेक्सवाले' टाकता आलं असतं. 'सुनंदाचे यजमान' टाकता आलं असतं. तुला ओळखायच्या इतक्या खुणा होत्या आणि आम्हाला एकच सापडली.

पाचव्या दिवशी भेटायला गेलो. सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. बायका उठून आत गेल्यावर ती म्हणाली, 'बोर्ड बघितला, दादा. पोरांनी मोबाईलवर दाखवला.' मी तयारी करून गेलो होतो, दत्ताचं नाव सांगायचं, तीन यशवंतांची गोष्ट सांगायची. पण तिने मला काही विचारलंच नाही. म्हणाली, 'वाडीत म्हनायचे ते म्हनायचेच. खोटं कशाला बोलू, मीबी रागात कदी कदी म्हटलंय. पन ते मला सांगायचे, महाडला मला यशवंत म्हनतात. दुकानात जायला त्यांना म्हनूनच आवडायचं. तुमच्याकडं तरी नाव व्हतं त्यांना.'

यशवंत, तिला काय सांगणार होतो? तुझ्याशी बोलताना मी तुला यशवंत म्हणायचो, हे खरं आहे. पण फोनवर? 'आमचा मुक्या बसलाय ना, करून देईल संध्याकाळपर्यंत.' 'मुक्याला पाठवतो शिडी घेऊन.' तुझ्यापासून चार हातांवर उभा राहून, भिंतीकडे तोंड करून, बारा वर्षं. भिंतीकडे तोंड का करत होतो? तू ओठ वाचायचास म्हणून. म्हणजे वाडीतले भोळेपणाने तुझ्या तोंडावर म्हणत होते आणि मला तो शब्द तुझ्यापासून लपवण्याइतकी अक्कल होती. तुला हे कळलं होतं की नाही, हा एक प्रश्न माझ्या मानेवर कायमचा बसला आहे. तू सुनंदाला जे सांगत होतास ते ठाऊक नसल्यामुळे सांगत होतास, की ठाऊक असून माझी अब्रू राखत होतास? दोन्हींपैकी कुठलंही खरं असलं तरी मला मान वर करता येत नाही.

तरीही मी लगेच बोर्ड उतरवला नाही. हेही सांगायला हवं. दहाव्याला सगळे नदीवरून आले की बघू, दत्ताशी बोलून बघू, असं करत दिवस काढले. दहाव्याच्या सकाळी शेखर आणि तुमची मंडळी आली. काहीजण पनवेलकडून रेल्वेने वीर स्टेशनला उतरून रिक्षा करून आले होते. मी फाट्यावरच होतो. सगळे बोर्डासमोर उभे राहिले आणि त्यांचे हलणारे हात एकदम थांबले. शेखरने मोबाईलवर टाइप करून माझ्यासमोर धरलं: 'हे कोणी केलं?' मी लिहिलं, 'गावाने मजकूर दिला.' त्याने पुन्हा लिहिलं, 'छापलं कोणी?'

मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मला वाटलं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यांच्यातल्या एका बाईने फक्त तोंड फिरवलं, अगदी तुझ्यासारखं. शेखरने मात्र मला तुझं नाव सांगितलं, तुमच्यातलं. दोन्ही हातांच्या चिमटी छातीसमोर धरायच्या आणि ताणून बाजूला न्यायच्या, फ्लेक्सची सुरकुती काढतात तसं. त्याने लिहिलं की तू कुठेही गेलास की चादर असो, टेबलावरचा कागद असो, कोपरे ओढून सारखे करायचास, म्हणून ते. मग त्या सगळ्यांनी तुझ्या फोटोकडे बघून एकदम ते नाव घेतलं. मीही घेऊन बघितलं. शेखरने माझी बोटं धरून चिमटी नीट केल्या. तिथे मी पहिल्यांदा रडलो, रस्त्यात, दुधाची गाडी मागे हॉर्न मारत होती तरी. एवढं सुंदर नाव तुला होतं आणि बारा वर्षं शेजारी बसून मी ते कधी विचारलं नाही, याची लाज होती. आणि तुला ते होतं याचा आनंदही होता. दोन्ही एकदम होतं.

दुपारी दत्ताला फोन केला. म्हटलं, 'मी नवीन बोर्ड करतोय, कंस नाही.' तो म्हणाला, 'करा बापडे. पन कुनाला कळलं नाय तर उभं राहून तुमीच सांगा.' मी म्हटलं, सांगतो. रात्रीपर्यंत तुझ्या खुर्चीत बसून बोर्ड केला. तू केलास तसा नाही जमला. फोटो किंचित वाकडा आहे, तुला दिसला असता तर तू कपाळाला हात लावला असतास. पण नाव मधोमध आहे, पूर्ण, आणि त्याच्याशेजारी काही नाही.

बाराव्याच्या दिवशी सकाळी जुना बोर्ड उतरवून मी नवा बांधत होतो. फाट्यावर दोन म्हाताऱ्या पोलादपूरच्या वडाप जीपची वाट बघत उभ्या होत्या. त्यांतली एक वर बघून म्हणाली, 'कोन गो ह्यो?'

'फोटो तर मुक्याचा हाय,' दुसरी म्हणाली. मग मला म्हणाली, 'खाली काय लिवलंय रे, बाबा?'

मी शिडीवरूनच वाचून दाखवलं. 'यशवंत धोंडू सकपाळ.'

'मुक्याचं नाव यशवंत व्हय?' तिने हातातलं गाठोडं खाली ठेवलं आणि पदर सावरून बोर्डाजवळ आली. 'जल्मला तवापास्नं बघत्ये मी त्याला. माझ्या वळचनीला खेळलेला तो.' तिने मान वर करून तुझा फोटो बघितला. मग ती हळूच म्हणून बघायला लागली, नवीन पोराला हाक मारून बघतात तसं. 'यशवंत. यशवंता.'

'चांगलं नाव व्हतं गो,' ती सोबतिणीला म्हणाली. 'वापरलंच नाय कुनी.'